एक्केचाळीस सह्या

त्या आठवड्यात थोरलीच्या लाँड्रीतून धुतलेले कपडे घरी न्यायचे तर आधी सही करावी लागत होती. गठ्ठा बांधून तयार, गिऱ्हाईक हात पुढे करून उभं, आणि थोरली गठ्ठ्यावर कोपर रोवून म्हणायची, "आधी हे. मग ते."

हे म्हणजे फळीवरचा एक कागद. पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक बिघडलेली इस्त्री ठेवलेली.

"कसला कागद, मावशी?"

"चौथीच्या बाईंचा. शाळेत द्यायचाय."

"वाचू तरी द्या."

"मी वाचलंय. तुमची कॉलर तीनदा घासली तेव्हा विचारलंत का, कशी घासली म्हणून? मग? करा सही."

लोक करायचे. कोणाला उशीर झालेला, कोणाच्या दोन्ही हातांत पिशव्या, आणि थोरलीशी हुज्जत घालून त्या गल्लीत आजवर कोणाचं भलं झालं नव्हतं. पोस्टमनने सही केली, त्याला मूलबाळ नव्हतं. न्हाव्याने केली, त्याचं तर अजून लग्नही व्हायचं होतं. "पुढे लागेल," असं सांगून थोरलीने त्याच्या हातात पेन कोंबलं. तीन दिवसांत एक्केचाळीस सह्या झाल्या आणि सगळ्यात वर, सगळ्यात मोठी, खाली दोन रेघा मारलेली सही थोरलीची.

सही मात्र तिची बघावी अशी होती. शाळेत ती दोनच वर्षं गेली, त्यातलंही एक वर्ष धाकट्या भावाला कडेवर घेऊन. आकडे पक्के. मोठ्या पाट्या वाचायची, पण वेळ लागायचा, आणि तो वेळ कोणाला दिसू नये याची ती काळजी घ्यायची. दुकानात नावाच्या चिठ्ठ्या नव्हत्याच. प्रत्येक घराच्या कपड्यांना आतून धाग्याची खूण. पोस्टमनचे दोन लाल टाके, औषधवाल्याची हिरवी फुली. दोनशे घरांच्या खुणा तिच्या डोक्यात होत्या आणि तीस वर्षांत एकाचा रुमाल दुसऱ्याकडे गेला नव्हता. अशा बाईला वाचता येत नाही हे कोणाच्या मनात यायचंच नाही, आणि ती येऊ द्यायचीही नाही.

कागद आणला औषधवाल्याने. त्याचा मुलगा चौथीत, थोरलीची नातही चौथीत. या नातीला घरात सगळे मुंगी म्हणत.

मुंगीचं थोडं सांगायला हवं. तिसरीपर्यंत ही पोर पुस्तक हातात धरून धडा घडाघडा म्हणायची आणि सगळे खूश. चौथीच्या बाईंनी तिसऱ्याच दिवशी तिच्या पुस्तकाचं पान उलटलं आणि म्हणाल्या, आता हे वाच. मुंगी गप्प. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. ऐकून ऐकून पाठ करायची, एवढंच. त्या दिवसापासून बाई तिला आणि तिच्यासारख्या आणखी पाच जणांना शाळा सुटल्यावर तासभर थांबवून घेऊ लागल्या.

तेव्हा थोरली भांडायला गेली होती. ओले हात पदराला नाही, सरळ बाईंच्या टेबलाला पुसत म्हणाली, "माझ्या नातीला शिक्षा कशापायी?"

बाई किडकिडीत, आवाज कोरडा, बाह्यांना खडूची पूड. त्यांनी मान वर केली. "तिला वाचता येत नाही. आणि ते लपवायची कला मात्र फार चांगली येते. घरात कोणाकडून शिकली?"

थोरलीने टेबलावरचे ओले डाग पदराने पुसले. ती आली तशी परत गेली, आणि घरी सुनेने, मुंगीच्या आईने, "काय म्हणाल्या बाई?" असं विचारलं तेव्हा म्हणाली, "म्हणाल्या पोरगी हुशार आहे."

त्याला आठ महिने झाले. आणि गेल्याच सोमवारी दवाखान्याच्या जिन्यात मुंगीने थोरलीचा हात मागे ओढला. "आजी, सावकाश. पाय-ऱ्या ओल्या आ-हेत." थोरलीला वाटलं पोरीला पाणी दिसलं. मग तिने वर पाहिलं. तिथे पाटी होती. थोरली त्या ओल्या पायऱ्यांवर उभी राहिली ती उभीच, मागची माणसं "सरका की" म्हणेपर्यंत.

दुसऱ्याच दिवशी औषधवाला आला. "मावशी, चौथीच्या बाईंबद्दल कागद केलाय. त्यांच्या त्या जास्तीच्या तासाचं. सह्या हव्यात. तुमच्याकडे सगळं गाव येतं."

थोरलीने चष्मा चढवला. कागद लांब धरला, जवळ धरला, वरून खाली नजर फिरवली, मान हलवली. बाईंबद्दल, त्या तासाबद्दल! आभाराशिवाय दुसरं काय लिहिणार माणूस? आपल्याला हे आधी का सुचलं नाही, एवढंच तिला टोचलं.

"ठीक लिहिलंय," ती म्हणाली. "पण मिळमिळीत आहे. जरा ठासून लिहा की."

औषधवाल्याचे डोळे चमकले. "खरंच म्हणता?"

"मग काय! अर्ध्या मनाने कशाला लिहायचं?"

तासाभरात तो ठासून लिहिलेला कागद घेऊन आला.

आणि गुरुवारी दुपारी खुद्द बाई त्यांचा कोट न्यायला आल्या. थोरलीने इस्त्री बाजूला केली, कागद दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यासमोर धरला. "बघा बाई, तुमचंच आहे! सदतीस झाल्या, उद्यापर्यंत चाळीस करते की नाही बघा!"

बाईंनी कागद पूर्ण वाचला. मग सह्या वाचल्या, पहिली जरा जास्त वेळ.

"अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या. कोट घेतला आणि गेल्या.

"लाजल्या," थोरली सुनेला म्हणाली.

शुक्रवारी औषधवाल्याने कागद शाळेत पोचवला आणि एक झेरॉक्स थोरलीला दिली. तिने ती इस्त्रीच्या टेबलामागे भिंतीवर चिकटवली. संध्याकाळी मुंगी शाळेतून आली. हल्ली तिला दिसेल ते वाचायचा नाद लागला होता. साबणाचं खोकं, बसचं तिकीट, काही म्हणून सोडायची नाही. ती भिंतीपाशी गेली आणि ओळीखाली बोट धरलं.

"चौथी-च्या वर्ग-शिक्षि-का शाळा सुटल्यावर काही मागे राहि-लेल्या मुलांसाठी तास घेतात."

"ऐकलंस?" थोरली सुनेला म्हणाली. "गाडी कशी चालतेय बघ!"

"त्या-मुळे इतर मुलांचं नुक-सान होतं. वर्गात-ही त्या एकच धडा पुन्हा पुन्हा घेतात. हा तास ताब-डतोब बंद करावा."

सुनेच्या हातातली इस्त्री हवेत थांबली.

"आणि अशा शि-क्षिकेला वर्गा-च्या जबाब-दारीतून मुक्त करावं, अशी आमची ठाम मा-गणी आहे." मुंगीने बोट काढलं नाही. "आई, जबाबदारीतून मुक्त म्हणजे?"

"वर्ग काढून घेणं," सून हळूच म्हणाली.

मुंगी आजीकडे वळली. "तू वाचलं होतंस ना, आजी?"

थोरलीने चष्मा काढला, फडक्याने पुसला. "माझे ना, डोळे दुखत होते त्या दिवशी..."

तीन वर्षं हेच कारण मुंगीनेही सांगितलं होतं, प्रत्येक बाईंना, प्रत्येक वेळी. मग ती जवळ आली आणि अगदी सरळपणे म्हणाली, "माझेही दुखायचे."

थोरलीने चष्मा पुन्हा चढवायचा प्रयत्न केला. एक काडी कानाऐवजी केसांत गेली.

पंधरा मिनिटांत ती औषधाच्या दुकानात होती. "तो कागद परत आणा."

औषधवाला गोळ्या मोजत होता. "आता कसा आणू? हेडसरांकडे गेला. सोमवारी पाचला पालकांची सभा लावलीय. झालं काय?"

"बाईंचा वर्ग काढून घ्या असं लिहिलंत तुम्ही!"

"मी?" त्याने गोळ्या सोडून दिल्या. "मावशी, मी फक्त तास बंद करा एवढंच लिहिलं होतं. ठासून लिहा कोण म्हणालं? ती शेवटची ओळ तुमच्या भरवशावर घातली मी!"

थोरलीचा हात काचेच्या कपाटावर टेकला.

"आणि माझं काय चुकलं?" तो जरा नरमला. "माझा पोरगा दहा मिनिटांत गणितं संपवतो आणि उरलेला तास खिडकीतली कबुतरं मोजत बसतो."

"मोजू दे की! तेही गणितच आहे."

"तुम्हाला मस्करी सुचतेय."

"मला काय सुचतंय ते मलाच ठाऊक. उपाय सांगा."

"उपाय एकच. सभेत उभं राहून सांगा, की तुम्ही तो वाचला नव्हता." हे तो टोमणा म्हणून बोलला नाही. औषध कधी घ्यायचं ते सांगावं तसं बोलला. म्हणूनच ते जास्त लागलं.

घरी सून म्हणाली, "आई, मी सांगते सभेत. म्हणेन, घाईत होतो."

"तू? तुझा आवाज पहिल्या बाकापर्यंत जात नाही."

"मग माइक घेईन."

"आणि घाईत होतो कशाला? मी घाईत नव्हते. मी आरामात, पाय पसरून खोटं बोलले. चाळीस जणांना." ती बराच वेळ चादरीची घडी घालत बसली. घडी जमेना. "बाईंच्या तोंडासमोर धरला मी तो कागद. नाचवला. आणि ती बाई म्हणते, अक्षर छान आहे."

सुनेने चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ती घातली.

"नाही सांगितलं तर?" सुनेने विचारलं.

"तर बाई ऑफिसात बसून रजिस्टर भरतील आणि पुढच्या वर्षीची मुंगी धडा पाठ करून सुटेल." थोरली उठली. "आणि सांगितलं तर गल्लीतलं शेंबडं पोरही म्हणेल, म्हातारीला वाचता येत नाही. म्हणू दे. नाही तरी पाठीमागे म्हणायला त्यांना काही तरी लागतंच."

म्हणाली खरी. पण शनिवार-रविवार तिने एकाही गिऱ्हाइकावर आवाज चढवला नाही, यावरूनच सुनेला समजलं की ती किती घाबरली आहे.

सभेला माणसं मात्र आली पाहिजेत. त्याची सोय थोरलीने तिच्या पद्धतीने केली. शनिवारपासून तिने एकही गठ्ठा दिला नाही.

"माझे कपडे, मावशी?"

"सोमवारी पाचला. शाळेत."

"शाळेत?"

"ऐकू कमी येतं का?" तेही हळू आवाजात.

सोमवारी पावणेपाचला कपड्यांनी भरलेली हातगाडी शाळेच्या आवारात उभी होती आणि चौथीच्या वर्गात मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. न्हावी, पोस्टमन, शिपाई, नर्स, सगळी. औषधवाला पहिल्या बाकावर. बाई खिडकीपाशी वह्या तपासत होत्या. सभा आपल्याबद्दल आहे हे जणू त्यांच्या गावीही नव्हतं, फक्त लाल पेन बराच वेळ एकाच ओळीवर टेकलेलं होतं.

हेडसरांनी कागद वाचून दाखवला. वाचता वाचता बाकांवर चुळबुळ सुरू झाली. "हे कधी?" "मी तर..." असं कोणी कोणी पुटपुटलं.

"वर्गात मुलं सव्वीस आहेत आणि सह्या एक्केचाळीस," हेडसर म्हणाले. "हे मला जरा नवल वाटतं. पण एवढी माणसं ठामपणे मागणी करत असतील, तर मला डोळेझाक करता येणार नाही. बाईंना पुढच्या आठवड्यापासून..."

थोरली उठली. म्हणजे उठायला गेली, पण बाक इतका अरुंद की तोही तिच्याबरोबर उठला. कोणी तरी हसलं. शेजारच्या नर्सने बाक दाबून धरला.

"थांबा. पहिली सही माझी आहे. मी हा कागद वाचला नव्हता."

हेडसरांनी कागद खाली ठेवला.

"वाचता येत नाही मला. म्हणजे येतं, पाटीपुरतं. एवढं लांब येत नाही. तुम्ही प्रत्येकाने विचारलंत, काय लिहिलंय, आणि मी म्हटलं, मी वाचलंय. खोटं. चाळीसदा खोटं." तिने घसा खाकरला. "मला वाटलं आभाराचा कागद आहे. या बाईंबद्दल कोणी दुसरं काही लिहील, हे माझ्या टाळक्यातच आलं नाही. माझ्या नातीने वाचून दाखवला तेव्हा समजलं. जी वाचायला शिकली ती याच तासाला, जो बंद करा असं त्यात लिहिलंय."

मग ती बाईंकडे वळली, आणि इतका वेळ दाबलेला आवाज एकदम मोकळा झाला. "आणि तुम्ही हो! सगळा वाचलात आणि वर म्हणता, अक्षर छान आहे? माझ्या तोंडावर फेकायचा नाहीत?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "तुम्ही इतक्या आनंदाने दाखवत होतात. मला वाटलं, मनापासून आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "शिवाय माझा कोट तुमच्या हातात होता."

आता हशा पिकला, आणि त्यात थोरलीला बसायची संधी होती. ती बसली नाही. "ज्यांनी वाचून सही केली त्यांनी हात वर करा!"

चार हात वर गेले. त्यातला एक औषधवाल्याचा.

"समजलं," हेडसर म्हणाले. "पण तोंडी चालत नाही. मला लेखी लागेल."

"लिही ग," थोरली सुनेला म्हणाली, आणि तिथेच उभी राहून सांगत गेली. सून लिहीत गेली. पाच-सहा ओळी झाल्या. हेडसरांनी सहीसाठी बोट ठेवून जागा दाखवली, पेन पुढे केलं.

थोरलीने पेन घेतलं आणि खाली ठेवलं.

"वाचते आधी."

"आई, तुम्हीच तर सांगितलंत ना आत्ता," सून कुजबुजली.

"तू काय लिहिलंस ते मला काय माहीत? गप."

तिने ओळीखाली बोट धरलं. "चौ-थी-च्या बा-ई शाळा सुट-ल्या-वर..." भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. घाम तिच्या कानामागून उतरत होता. चाळीस माणसं बघत होती, आणि तो सगळा वेळ, इतकी वर्षं झाकलेला, भर वर्गात उघडा पडला होता. ती वाचत राहिली. शेवटून दुसऱ्या ओळीत एका शब्दावर बोट अडलं ते हलेना. मागून दोघा-तिघांनी एकदमच शब्द सांगायला तोंड उघडलं.

"कोणी सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. आवाज न चढवता. उघडलेली तोंडं मिटली.

बाई नुसत्या थांबल्या. घड्याळाकडे पाहिलं नाही, उसासा टाकला नाही, मान हलवून धीर दिला नाही. त्या कागदावर काय आहे ते ऐकायला त्यांना दिवसभर वेळ आहे, अशा उभ्या राहिल्या. आपली पोर रोज तासभर अशा थांबण्यासमोर बसते होय, असं थोरलीच्या मनात येऊन गेलं.

"कृ... कृत... कृत-ज्ञ." तिने मान वर केली. "कृतज्ञ! हा कुठून आणलास? मी आभारी म्हटलं होतं!"

"लिहिता लिहिता आला, आई."

"आला तर येऊ दे. बरा आहे."

तिने उरलेली ओळ वाचली, सही केली, खाली दोन रेघा मारल्या. मग पेन उंच धरून वर्गाकडे वळली. "आता रांगेत या. पण सही वाचून करायची. इथे उभं राहून, मोठ्याने. माझ्या शब्दावर आता कोणी विश्वास ठेवायचा नाही."

"सगळ्यांनी?" हेडसरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"कपडे बाहेर आहेत," थोरली म्हणाली. "माझ्याकडे."

रांग लागली. पहिला पोस्टमन. त्याने पत्ता वाचावा तसं एका दमात वाचून टाकलं. "पुन्हा," बाई सवयीने म्हणाल्या, आणि मग त्यांना लक्षात आलं आपण काय ऐकतोय. त्या संकोचल्या. पोस्टमनने मात्र पुन्हा वाचलं, नीट, शब्द न् शब्द:

"चौथीच्या बाई शाळा सुटल्यावर आमच्या मुलांसाठी रोज तासभर थांबतात. असं करा म्हणून त्यांना कोणी सांगितलेलं नाही. माझी नात तीन वर्षं वाचायचं नाटक करत होती. बाईंनी ते तीन दिवसांत ओळखलं आणि तिला न हसता शिकवलं. आता ती आमच्या चुका वाचून दाखवते. तो तास चालू राहावा आणि बाई वर्गावरच राहाव्यात. आम्ही त्यांच्याविषयी कृतज्ञ आहोत. आधीचा कागद आम्ही न वाचता दिला होता."

नर्सने वाचलं. शिपायाने वाचलं, मध्येच दोनदा खाकरला आणि खडूच्या धुळीला दोष दिला. न्हाव्याने "माझी नात" असं वाचलं तेव्हा सगळा वर्ग फुटला. "लग्न तरी करू द्या आधी!" तो म्हणाला, आणि खिडकीपाशी बाई तोंडावर वही धरून हसल्या. आठ महिन्यांत थोरलीने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. दात थोडे पुढे होते. बरे दिसत होते.

औषधवाला शेवटी आला. त्याने हळू वाचलं, पेन उचललं आणि थांबला. "बाई, मी चार जणांतला आहे. मी वाचूनच सही केली होती. आणि माझा पोरगा अजून कबुतरंच मोजतोय."

बाईंनी मान डोलावली. "ते तुमचं बरोबर आहे. ती चूक माझी. तो माझ्याकडे येऊन बोलला नाही, आणि मी विचारलं नाही. उद्या त्याला जास्तीच्या तासाला पाठवा. त्याला नवी, अवघड गणितं देईन. आणि जमलं तर एखाद्याला समजावूनही सांगेल."

"मागे राहिलेल्यांत बसवणार त्याला?"

"समजावून सांगणं त्याला येतं का ते बघू. तिथे कदाचित तोच मागे असेल."

औषधवाल्याने जरा विचार केला. मग सही केली, आणि सहीखाली बारीक अक्षरात लिहिलं, "गणितं अवघडच हवीत." थोरलीने तेही वाचायला घेतलं, तसा तो म्हणाला, "मावशी, एवढं तरी माझ्या शब्दावर घ्या." "नाही," ती म्हणाली, आणि वाचलं.

हेडसरांनी पहिला कागद घडी घालून बाजूला ठेवला, दुसऱ्यावर शाळेचा शिक्का मारला आणि म्हणाले, "तास चालू राहील. वर्गही बाईंकडेच."

बाई उठल्या. काही तरी बोलायला हवं म्हणून दोनदा तोंड उघडलं. आभार मानून घ्यायची त्यांना सवय नव्हती, हे वर्गातल्या सगळ्यांना दिसत होतं, आणि कोणीच त्यांच्या मदतीला शब्द सांगायला गेलं नाही. सगळे नुसते थांबले.

"मला..." बाई म्हणाल्या, "मला हे एक्केचाळिसाव्या वेळीही ऐकायला आवडलं."

"मग बेचाळिसावी वेळ मुंगीची," थोरली म्हणाली, आणि दारात उभ्या असलेल्या नातीला हाताने आत बोलावलं. "ये ग. आणि घाई करू नकोस. यांना कोणालाच आता कुठे जायचं नाहीये."